जेवणाचं हेल्मेट

२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हे पत्र दादाच्या शर्टाच्या खिशातून तुझ्यापर्यंत पोचलं, तर तुझं नशीब. मागच्या वेळी मी दिलेल्या चिठ्ठीने त्याने गाडीची काच पुसली. हे त्याने तुला सांगितलं नसणारच. पण दुसरा मार्ग नाही. तू फोन कानाला लावलास की तुझी लेक तो ओढून बादलीत टाकते, आणि दोन फोन बुडाल्यावर माझीही हौस फिटली. रविवारी दादा ठकीला इथे माझ्या तबेल्यावर आणतो, तेव्हा तुझी हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीतून सुटका नाही. दादाला विचारलंस तर तो “ठीक होतं” म्हणणार आणि चपला काढणार. तेव्हा मीच लिहिते.

ठीक नव्हतं, वहिनी. ठकी आजही घोडीवर बसली नाही.

घोडीची भीती नाही हं तिला. आमची दुलई म्हणजे पाठीला रुंद, डोक्याने थंड. ठकी तिच्या पोटाला कान लावून खुशाल उभी राहते. खराऱ्याचा ब्रश हातात दिला तर एकच जागा इतकी घासते की दुलई मान वळवून बघते, बाई, आता जरा पलीकडे सरकता का, अशी. अडतंय ते हेल्मेटपाशी. डोक्याला टेकलं की किंचाळते. हनुवटीखालचा पट्टा तर लांबच राहिला. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांचं असं होतं. आपल्याला जे नुसतं टोचतं, ते त्यांना भाजल्यासारखं लागतं. आणि हेल्मेटशिवाय मी कुणालाच वर चढवत नाही, भाचीलाही नाही.

म्हणून एक हेल्मेट दादाबरोबर देते आहे. तिला सगळ्यात प्रिय काय, तर संध्याकाळचं ताट. ताट समोर आलं की आधी हेल्मेट नुसतं शेजारी ठेव. मग मांडीवर. मग क्षणभर डोक्यावर. रोज तीच वेळ, तीच जागा. जबरदस्ती नको. आत्ताच्या मुलांना इथे एप्रिलअखेरपर्यंतच जागा आहे, पुढे प्रतीक्षा यादीतलं दुसरं मूल येतं. तेवढ्यात जमेल असं मला वाटतंय.

तुझी,
घोडेवाली नणंद

१५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तुला राग येतो, म्हणूनच लिहिलं.

हेल्मेट मिळालं. आल्या आल्या ठकीने ते उचलून बाल्कनीत नेऊन ठेवलं आणि दार लावून घेतलं. पाहुणा नको असला की माणसाला असंच करावंसं वाटतं, मी काय बोलणार? पण तू म्हणतेस तसं चालू केलंय. सध्या ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसतं.

तुझ्या नियमाबद्दल मात्र बोलणार आहे. दोन बाजूंनी दोघं चालतात, पुढे लगाम तुझ्या हातात, घोडी मुंगीच्या चालीने जाते. मग एकदा, एकच फेरी, हेल्मेटशिवाय मारली तर आभाळ कोसळेल का गं? मी सही करून देते. परकी असतीस तर बोलले नसते.

मला इतकी घाई का, ते सांगते. आमच्या हॉस्पिटलात एक मासिक येतं. त्यात एका मुलाबद्दल होतं, सहा वर्षं एक अक्षर बोलला नाही, घोड्यावर बसला आणि आईला हाक मारली. मी तो अंक खिडकीत बसून वाचला आणि समोरच्या आजोबांना खोकल्याऐवजी पित्ताचं औषध दिलं. बरं झालं, त्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली.

हसू नकोस. ठकी सात वर्षांची झाली. ती हाक मारत नाही, ते मी सोसलंय. पण मी तिच्या लेखी कोण आहे, हे मला कळत नाही. तिला तहान लागली की माझा हात धरून नळापाशी नेते आणि पाणी आलं की हात सोडून देते. नळ उघडायची पकड असावी तशी मी. तुला वाटेल मी घोड्याच्या मागे लागलेय. मला घोडा नको गं. तिला मी दिसते का, एवढंच एकदा कळू दे.

तुझीच,
वहिनी

१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र तबेल्यात उभ्याने वाचलं. नंतर थोडा वेळ दुलईच्या मानेत तोंड घालून उभी राहिले. झालं, सांगून टाकलं.

पण खोटं बोलणार नाही. घोड्यावर बसून मूल बोलायला लागेल, असं वचन मी कुणाच्याच आईला देत नाही, तुला तर नाहीच. काही मुलं इथे शांत होतात. काहींची पाठ सरळ होते, काहींना रात्री झोप लागते. काहींना काहीच होत नाही, आणि त्यांच्या आईवडलांना तेही मीच सांगते. त्या मासिकातल्या मुलाचं खरं असेल. पण ज्यांनी हाक मारली नाही, त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

हेल्मेटशिवाय फेरी नाही. तू सही केलीस म्हणून जमीन मऊ होत नाही. मागच्या वर्षी कुंपणावर प्लास्टिकची पिशवी फडफडली आणि दुलईसारखी दुलई फूटभर बाजूला उडाली. वरचा मुलगा घसरला. दोघांनी धरला तरी डोकं खांबाला लागलं. हेल्मेटला पोचा पडला, मुलाला काही झालं नाही. ते हेल्मेट मी फेकलेलं नाही. तुझ्यासारख्या आया आल्या की दाखवते.

रागावलीस तरी चालेल. ताटाचं चालू ठेव.

तुझी नणंद

१५ मार्च

प्रिय वन्सं,

ऐक! बसली आहेस ना? बस आधी.

ठकी हेल्मेट घालते! घालते काय, मिरवते! गेल्या पंधरवड्यात मुद्दाम लिहिलं नाही, बोलून दाखवलं की बिघडतं असं मला वाटतं. आता आठ दिवस झाले. सात वाजले की आपणहून हेल्मेट आणते, डोक्यावर ठेवते आणि पट्ट्यासाठी हनुवटी वर करते. हनुवटी, वन्सं! जिच्या तोंडाला टॉवेल लावायचा तर माझ्या नाकी नऊ येतात ती! मी पट्टा लावते, ताट ठेवते आणि ती जेवते. संपलं की हेल्मेट काढून खुंटीला.

आता तर हेल्मेटशिवाय घासाला शिवत नाही. परवा आम्ही बाहेर गेलो होतो आणि तिला भूक लागली. तुझा दादा अर्ध्या वाटेतून परत येऊन हेल्मेट घेऊन गेला. रिकाम्या उपाहारगृहात ती हेल्मेट घालून भात खात बसली. वेटर म्हणाला, “ताईंची गाडी कुठे लावलीय?” तुझा दादा हसला. लग्नानंतर तिसऱ्यांदा असेल.

आम्ही दोघं मात्र अजून तिच्या मागूनच जेवतो, स्वयंपाकघरात, उभ्याने. दुसऱ्याच्या चावण्याचा आवाज तिला सहन होत नाही, कानांवर हात घेऊन पळते. चालायचंच. एका वेळी एक.

उद्या मला सुट्टी मिळाली नाही. साहेबांपुढे नाक घासलं तरी नाही. पण उद्या ती बसणार. मी तिचा पिवळा सदरा इस्त्री करून ठेवलाय. मला सगळं लिही, दुलईने कान कुठे केले होते तेसुद्धा.

तुझी (आज फारच लाडकी),
वहिनी

१६ मार्च

प्रिय वहिनी,

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. चूक माझी आहे, तिची नाही.

ठकी आली. पिवळा सदरा छान दिसत होता. मी हेल्मेट पुढे केलं, तिने घेतलं, घातलं, हनुवटी वर केली. मी पट्टा लावला. आमच्या बाई, त्या निवृत्त कवायत-शिक्षिका, दुलईच्या उजव्या बाजूला चालतात त्या, त्यांनी तर आनंदाने शिट्टीच वाजवली. मग ठकी वळली, बाकावर जाऊन बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ताटाची वाट बघायला लागली.

आम्ही बोलावलं, दुलईला जवळ आणलं. ती हलली नाही. हेल्मेट घातलंय आणि ताट येत नाही, हे काही तिच्या हिशेबात बसेना. हळूहळू तिचा चेहरा उतरला, मग रडायला लागली. शेवटी दादाने गाडीतला डबा आणला. तिने शांतपणे सगळा डबा संपवला, हेल्मेट काढलं, डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि गाडीत जाऊन बसली.

मी कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं मी लोकांना शिकवत आले की ही मुलं एका जागी शिकलेलं दुसरीकडे आपोआप नेत नाहीत, जिथे हवं तिथेच शिकवा. आणि घरच्या मुलीच्या वेळी मीच विसरले. हेल्मेट घोडीशी जोडायचं होतं, ते मी ताटाशी जोडून दिलं. तिने आपलं काम चोख केलं.

आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, इथे, दुलईजवळ. एप्रिलअखेरपर्यंत होईल असं वाटत नाही.

मला माफ कर.

तुझी नणंद

२९ मार्च

वन्सं,

तुझा दादा त्या दिवशी घरी आला, डबा घासायला टाकला आणि म्हणाला, “ठीक होतं.” तुझं पत्र त्याने झोपायच्या वेळेला दिलं.

मी महिनाभर त्या पट्ट्यासाठी जीव टाकला. तू शिकलेली, तू अनुभवी, तू सांगितलंस तसंच केलं. आता म्हणतेस विसरले. औषधाच्या खिडकीत मी असं विसरले तर मला घरी बसवतील.

रडून झालंय माझं. आता एवढंच सांगते, तिची जागा काढून घेऊ नकोस. पुढचे तीन महिनेही तिलाच दे. चूक तुझी आहे, तर एवढं तू करायलाच हवंस. यादीतल्या लोकांचं मला सांगू नकोस. त्यांच्या नणंदा त्यांना बघून घेतील.

वहिनी

१३ एप्रिल

प्रिय वहिनी,

मागच्या खेपेला उत्तर दिलं नाही. काय द्यावं ठरत नव्हतं. आता ठरलंय. तुझं खरं आहे. ठकीची जागा मी जुलैपर्यंत वाढवली. बाईंना सांगितलं. त्यांनी झाडू घेतला आणि आधीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागल्या. म्हणजे काय ते मला कळतं. पण वाढवली.

दादाने तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. फेब्रुवारीत आमची दुलईच्या डावीकडे चालणारी मुलगी परीक्षेसाठी गेली ती परत आलीच नाही. मदतीला माणसं मिळत नाहीत, वहिनी. येतात, दोन रविवार फोटो काढतात, जातात. एका बाजूला माणूस नाही म्हणजे फेरी नाही. तेव्हापासून दादा चालतो. ठकी बाकावर असते आणि तो दुसऱ्यांच्या मुलांच्या पायाला हात लावून दुलईच्या बाजूने गोल गोल चालतो. त्या मुलांचे आईबाप कुंपणापाशी टाळ्या वाजवतात. मी एकदा म्हटलं, “दादा, तुला जड जात असेल तर राहू दे.” तो म्हणाला, “चालताना बरं वाटतं.” मला तर त्याच्याकडे बघवत नाही.

ठकीला मी आता दुलईजवळ नुसतं हेल्मेट हातात देते. ती ते घेते आणि बाकाकडे निघते. बघू.

तुझी नणंद

२६ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुझं पत्र वाचून मी तुझ्या दादाला समोर बसवलं. म्हटलं, आज बोलल्याशिवाय उठायचं नाही. आणि बोलला गं. तुझा दादा, सलग!

म्हणाला, कुंपणाबाहेर एक शिंपीणबाई येतात. त्यांची मुलगी आठ-नऊ वर्षांची, यादीत ठकीनंतर पहिलं नाव तिचंच. दर रविवारी बस बदलून येतात, नुसतं बघायला. ती मुलगी घरूनच हेल्मेट घालून येते, कुणाचं तरी जुनं, मोठं, कानावर घसरणारं, आणि कुंपणाला धरून दुलईच्या चालीबरोबर पुढेमागे डुलते. तो म्हणाला, “मी दुलईबरोबर तिच्या समोरून जातो तेव्हा खाली बघतो.”

मग मी उठले. भांडी घासली. घासताना तुलाही मनातल्या मनात खूप बोलले, त्यातलं निम्मं मागे घेते.

जागा त्या मुलीला दे. मोठं मन वगैरे काही नाही माझं, उगाच कौतुक करू नकोस. मला वाईट वाटतंय, फार वाटतंय. ठकीला मी एकदाही घोडीवर पाहिलं नाही आणि आता कदाचित पाहणारही नाही. पण तयार मूल कुंपणाबाहेर आणि आमची बाकावर, हे काही घशाखाली उतरत नाही.

तुझा दादा मात्र येत राहील, चालायला. आणि तो येणार म्हणजे ठकीही येणार, कारण रविवारी तिला गाडीत बसायचंच असतं. तिला ब्रश दे. घासू दे एकच जागा.

तुझी वहिनी

११ मे

प्रिय वहिनी,

शिंपीणबाईंची मुलगी आज दुसऱ्यांदा बसली. लगाम माझ्या हातात होता, मागे वळून बघता येत नव्हतं, पण शिंपीणबाईंचा चेहरा दिसत होता. डावीकडे दादा होता. या वेळी तो खाली बघत नव्हता.

आता जे लिहिते ते सावकाश वाच.

दुलईला आम्ही चारापाणी मुलं गेल्यावरच देतो. तोंड बादलीत असताना छोटे हात मध्ये यायला नकोत, म्हणून. त्यामुळे ठकीने तिला खाताना कधीच पाहिलं नव्हतं, दादाच्या फेऱ्या संपल्या की ती निघायची. आज दादा शेवटपर्यंत थांबला, म्हणून तीही थांबली. बाकावर डबा खाऊन झाला होता, हेल्मेट अजून डोक्यावर होतं. मी कोंडा आणि गाजरांची बादली आणून कुंपणाला अडकवली, दुलईने तोंड घातलं.

ठकी उठली. अशी टवकारून बघायला लागली की मला वाटलं आता किंचाळते, दुलई गाजर चावताना आवाज काय कमी करते! ती जवळ आली. मी हात आडवा धरला. तिने पट्ट्यासाठी दादापुढे हनुवटी वर केली, त्याने पट्टा सोडवला. मग तिने हेल्मेट काढलं आणि टाचा उंचावून दुलईच्या दोन कानांच्या मध्ये ठेवलं.

दुलई जेवत होती ना! मग हेल्मेट नको?

ते घसरलं, तिने उचलून पुन्हा ठेवलं. घसरलं, पुन्हा ठेवलं. शेवटी हाताने धरूनच उभी राहिली, बादली रिकामी होईपर्यंत. दुलईचे कान, तू विचारलं होतंस म्हणून सांगते, दोन्ही बाजूंना सैल पडले होते. बाई तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. दादा म्हणाला, “पत्रात लिही, मला सांगता येणार नाही.”

मला याचा अर्थ विचारू नकोस. माझ्या शास्त्रात याला काय म्हणतात मला माहीत नाही. दुसरं कुणी जेवतंय आणि त्याला काहीतरी हवंय, हे तिला दिसलं. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

तुझी नणंद

१२ मे

प्रिय वन्सं,

तुझ्या दादाच्या खिशाची वाट बघवत नाही, हे पोस्टात टाकते.

काल मी ड्यूटीवरून उशिरा आले, दुपारपासून पोटात काही नव्हतं. ठकी नुकतीच जेवायला बसत होती. तुझ्या दादाने पत्र हातात दिलं. मी तिथेच, तिच्याच टेबलाशी बसले, पातेलं पुढे ओढलं आणि वाचता वाचता भात खायला लागले. तिच्यासमोर. मला भानच नव्हतं. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. तुझा दादा दारातून हातवारे करत होता, ते मला नंतर कळलं.

दुलईच्या कानांपर्यंत वाचत आले आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ठकी उठून गेली होती. म्हटलं, घ्या, तिचं जेवण मोडलं. घास तसाच तोंडात धरून बसले, चावायची हिंमत होईना.

ती स्वयंपाकघरातून आली. हातात पिठाची चाळणी होती. माझ्यासमोर उभी राहिली आणि ती चाळणी माझ्या डोक्यावर पालथी घातली. मग माझी हनुवटी बोटाने वर केली. पट्टा नव्हता, तरी केली. आणि आपल्या जागेवर जाऊन जेवायला लागली.

माझ्या केसांत, डोळ्यांत, भातात सगळीकडे पीठ. तुझा दादा दारात उभा राहून रडत होता, अगदी मोठ्याने. मी रडले नाही. रडले असते तर चाळणी हलली असती.

मी पोटभर जेवले, वन्सं. तिच्या शेजारी बसून.

वहिनी